उत्तरेतील तालवृक्ष आणि प्रतिनिधीचा प्रश्न

धर्मग्रंथ कोणत्या तरी एका भूमीत, तिथल्या ऋतुमानात आणि तिथल्या झाडाझुडपांच्या सहवासात आकाराला येतात. त्यांचे अनुयायी मात्र पुढे अशा मुलखांत जाऊन वसतात, जिथे ग्रंथात नाव घेऊन सांगितलेली वनस्पती उगवतच नाही. अशा वेळी विधी सोडून द्यावा, वनस्पती दुरून आणवावी, तिच्या जागी दुसरी घ्यावी, की तीच परक्या मातीत लावून जगवावी, असे चार मार्ग उरतात. आणि इतिहासात हे चारही मार्ग चोखाळले गेल्याचे दिसते. ख्रिस्ती परंपरेतील झावळ्यांचा रविवार या दृष्टीने विशेष विचार करण्याजोगा आहे. ईस्टरच्या आधीच्या रविवारी पाळल्या जाणाऱ्या या दिवशी, येशूने गाढवावर बसून यरुशलेमेत केलेल्या प्रवेशाचे स्मरण केले जाते आणि श्रद्धाळू हातात आशीर्वादित झावळ्या घेऊन मिरवणुकीने चर्चमध्ये जातात. या प्रसंगाचे वर्णन चारही शुभवर्तमानांत येते, परंतु खजुराच्या झावळ्यांचा स्पष्ट उल्लेख केवळ योहानाने केला आहे. मत्तय झाडांच्या डहाळ्या म्हणतो, मार्क शेतांतून तोडून आणलेल्या पालवीविषयी बोलतो, आणि लूक तर वाटेवर अंथरलेल्या वस्त्रांपलीकडे काहीच सांगत नाही. हा भेद वरवर किरकोळ वाटला तरी पुढील विवेचनात त्याला मोठे महत्त्व येणार आहे.

पाश्चात्त्य चर्चच्या पंचांगाप्रमाणे ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल या मुदतीत केव्हाही येत असल्याने झावळ्यांचा रविवार १५ मार्च ते १८ एप्रिल यांच्या दरम्यान पडतो. या दिवसांत इंग्लंड, जर्मनी, पोलंड किंवा रशिया येथील बहुतेक झाडे निष्पर्ण असतात. बर्फ वितळू लागताच ओढ्याकाठच्या वाळुंजावर मात्र रुपेरी लवेचे मऊ कळे फुटतात, आणि यू नावाचा सूचिपर्णी वृक्ष, जो इंग्लंडमधील चर्चच्या आवारांत शतकानुशतके उभा असतो, बारमाही हिरवा राहतो. म्हणून उत्तरेतील श्रद्धाळूंनी खजुराच्या जागी वाळुंज, यू, बॉक्सचे झुडूप, लिथुआनियात जुनिपर आणि पोलंडमध्ये वाळवलेल्या फुलापानांच्या उंच गुढ्या हाती घेतल्या. रशियात तर त्या रविवाराला नावच वाळुंजावरून पडले. इंग्लंडच्या राज्यमंडळाने १५४८ मध्ये या झावळ्यांचा विधी बंद केला, तो अंधश्रद्धेला खतपाणी मिळते या सुधारणावादी भूमिकेतून. पुढे विधी परतला, आणि आज इंग्लंडच्या चर्चमध्ये वाटले जाणारे पात्यांचे छोटे क्रूस बऱ्याच वेळा टांझानियाच्या दक्षिणेकडील मसासी भागातील खेड्यांत विणलेले असतात. बंदीपूर्वीच्या शतकांत जी प्रार्थना म्हटली जात होती तिच्यात शब्द तालवृक्षाचा, म्हणजे खजुराच्या कुळातील झाडाचा, होता आणि ती म्हणणाऱ्याच्या हातात फांदी वाळुंजाची होती. उच्चार आणि वस्तू यांच्यातील या अंतराला असत्य म्हणायचे की नाही, हा प्रश्न धर्मशास्त्राच्या गाभ्याला भिडणारा आहे.

भारतीय परंपरेत या प्रश्नाचा सर्वांत कसोशीने विचार पूर्वमीमांसेने केला. वेदातील विधिवाक्यांचा अर्थ कसा लावावा हे ठरवणारे हे दर्शन. त्याच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायातील तिसऱ्या पादात जैमिनींनी प्रतिनिधीचे, म्हणजे सांगितलेले द्रव्य न मिळाल्यास त्याच्या जागी घ्यावयाच्या द्रव्याचे, प्रकरण मांडले आहे. यज्ञासाठी व्रीही, म्हणजे भात, सांगितला असून तो उपलब्ध नसेल तर नीवार, म्हणजे आपोआप उगवणारे रानभात, घेता येते. सोमवल्ली न मिळाल्यास पूतिका पिळावी असे ब्राह्मणग्रंथच सांगतात. याचे समर्थन करताना मीमांसक असे म्हणत नाहीत की, कोणतेही धान्य चालेल कारण भाव महत्त्वाचा. त्यांचा युक्तिवाद अधिक काटेकोर आहे. जे कर्म नित्य आहे, म्हणजे जे केलेच पाहिजे, ते द्रव्याच्या अभावी सोडता येत नाही; आणि व्रीहीचे जे अवयव, जे गुणधर्म, नीवारात आढळतात त्यांच्यापुरता नीवार हा व्रीहीच असतो, म्हणून नीवार घेणारा माणूस विधीतून बाहेर पडत नाही, तर विधीचा जेवढा अंश हाती लागतो तेवढा पाळत असतो. याच कारणाने नीवार वापरतानाही मंत्रातील व्रीही हा शब्द बदलायचा नाही असा नियम आहे. प्रसंगानुसार मंत्रातील शब्द बदलण्याला ऊह म्हणतात, आणि प्रतिनिधीच्या बाबतीत ऊह होत नाही, कारण कर्ता नीवाराकडे नीवार म्हणून पाहतच नसतो. वाळुंजाची फांदी हातात धरून तालवृक्षाचे नाव घेणाऱ्या उत्तरेकडील शेतकऱ्याचे यापेक्षा चांगले समर्थन क्वचितच कोणी केले असेल.

प्रतिनिधीला मर्यादाही आहेत. देवता, अग्नी, मंत्र आणि प्रत्यक्ष क्रिया यांच्या जागी दुसरे काही घेता येत नाही. जे द्रव्य मुळातच निषिद्ध आहे ते कितीही सारखे दिसले तरी प्रतिनिधी होऊ शकत नाही. आणि काम्य कर्मात, म्हणजे एखादी इच्छा पुरी व्हावी म्हणून केलेल्या कर्मात, प्रतिनिधी धरून आरंभ करता येत नाही, कारण तेथे फळ संपूर्ण सामग्रीला बांधलेले असते आणि सामग्री नसेल तर ते कर्म न करण्यात काही दोषही नसतो. यांखेरीज एक नियम असा आहे की, प्रतिनिधी म्हणून घेतलेले द्रव्यही नाहीसे झाले तर त्याच्या जागी घ्यावयाची वस्तू मूळ द्रव्यासारखी हवी, प्रतिनिधीसारखी नव्हे. महाराष्ट्रात दसऱ्याला सोने म्हणून आपट्याची पाने देतात आणि शहरांच्या बाजारात आपट्याच्या नावाखाली बऱ्याचदा कांचनाची पाने विकली जातात. आपटा हा सोन्याचा शास्त्रोक्त प्रतिनिधी नसला तरी मीमांसकांना कशाची धास्ती होती ते या उदाहरणावरून ध्यानात येते. पर्यायाचा पर्याय शोधताना माणूस मुळाकडे पाहायचे विसरतो, आणि दोन-तीन पायऱ्यांनंतर हातात असलेल्या वस्तूचा मूळ वस्तूशी काहीच संबंध उरत नाही.

आता प्रतिनिधीच्या या शास्त्रासमोर एकोणिसाव्या शतकाने एक नवी अडचण उभी केली. खजूर उत्तर युरोपात उघड्यावर जगत नाही, हे गृहीत धरून वाळुंजाला मुभा मिळाली होती. परंतु तालकुलात, म्हणजे माड, पोफळी, ताड, शिंदी आणि खजूर ज्या कुलात मोडतात त्या कुलात, हिमतुषार सोसणाऱ्या काही जातीही आहेत. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध जात ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनी ही चीनच्या डोंगराळ भागातील. सीबोल्ट या जर्मन वैद्याने १८३० मध्ये जपानमधून तिच्या बिया युरोपात धाडल्या, आणि रॉबर्ट फॉर्च्युन या स्कॉटिश वनस्पतिसंग्राहकाला ती चीनच्या किनाऱ्याजवळील चूसान बेटावर आढळल्यावर १८४९ मध्ये तिची रोपे इंग्लंडला पोहोचली. क्यू येथील उद्यानात आणि आइल ऑफ वाइट बेटावरील ऑस्बोर्न या राजनिवासाच्या बागेत ती उघड्यावर लावली गेली आणि टिकली. पुढे कॉर्नवॉलच्या खोऱ्यांत, आयर्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर आणि स्कॉटलंडमधील लोगनच्या उद्यानातही असे वृक्ष उभे राहिले, कारण अटलांटिक महासागरातून ईशान्येकडे वाहणारा उष्ण प्रवाह त्या किनाऱ्यांवरचा हिवाळा सौम्य करतो; तेथे पाऊस भरपूर पडतो, पण कडाक्याची थंडी क्वचितच पडते.

हा वृक्ष थंडी कशी सोसतो हे जवळून पाहण्यासारखे आहे. आंबा किंवा ओक यांसारख्या झाडांची एखादी फांदी गोठून मेली तरी झाड खालच्या डोळ्यांतून पुन्हा फुटते. तालवृक्षाला मात्र बहुधा शेंड्याशी एकच वाढीचा कोंब असतो, आणि तो मेला की सारे खोड निकामी होते. माडाचा गाभा सडला की माड गेला, हे कोकणातील बागायतदाराला सांगावे लागत नाही. ट्रॅकिकार्पसचा हा कोंब पानांच्या देठांच्या जाडजूड थरांत दडलेला असतो, आणि खोडाभोवती काथ्यासारख्या तपकिरी तंतूंचे दाट वेष्टण असते. चीनमध्ये शतकानुशतके या तंतूंचे दोर, कुंचले आणि पावसात पांघरण्याची घोंगती बनवली गेली. पूर्ण वाढलेला वृक्ष उणे १५ अंश सेल्सिअसच्या आसपासची थंडी काही काळ निभावून नेतो. त्याला खरा धोका कोरड्या थंडीहून ओल्या थंडीचा असतो, कारण नुकत्याच फुटू पाहणाऱ्या, मिटलेल्या पंख्यासारख्या मधल्या पानाच्या बुडाशी पाणी साचून गोठले आणि सड लागली, तर ते पान हलकेच ओढताच हातात येते; वृक्ष आतून हरल्याची ती खूण असते. म्हणून उत्तरेतील जाणते माळी तरुण झाडाची पाने हिवाळ्यात वर गोळा करून बांधतात, बुडाशी पाणी साचू देत नाहीत, आणि वाऱ्याच्या आडोशाची जागा निवडतात.

येथे धर्मशास्त्रातील एक जुने वचन आडवे येते. मुख्यकल्प म्हणजे मूळ सांगितलेला मार्ग, आणि अनुकल्प म्हणजे अडचणीच्या वेळचा दुय्यम मार्ग. जो मुख्यकल्प आचरण्यास समर्थ असूनही अनुकल्पाने वागतो त्याला त्या कर्माचे पारलौकिक फळ मिळत नाही, असा मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायाचा निर्वाळा आहे. हे तत्त्व क्षणभर झावळ्यांच्या रविवाराला लावून पाहिले तर एक चमत्कारिक निष्कर्ष समोर उभा राहतो. चर्चच्या आवारात तालवृक्ष लावणे शक्य झाल्या दिवसापासून वाळुंजाची सवलत संपली, आणि शक्य असूनही ओढ्याकाठची फांदी तोडणारा श्रद्धाळू आळशी ठरला, असे म्हणावे लागेल. प्रत्यक्षात कोणत्याही चर्चने तसे म्हटलेले नाही. पण का म्हटले नाही, याचे उत्तर सवय किंवा ढिलाई एवढेच नसून त्यामागे अधिक खोल कारण आहे.

पहिली शंका अशी की, ट्रॅकिकार्पस हे मुख्य द्रव्य आहे काय? योहानाच्या वर्णनातील झावळी खजुराची, आणि ती पिसासारखी, म्हणजे मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना पाती असलेली असते. ट्रॅकिकार्पसचे पान ताडासारखे, पंख्याच्या आकाराचे असते. डोळ्यांनी पाहिले तर खजुराच्या अधिक जवळ आहे तो माड, ज्याच्या झावळ्या वसईच्या आणि गोव्याच्या चर्चमध्ये त्या रविवारी हाती धरल्या जातात. पण वनस्पतिशास्त्र वंशावळ पाहते, आणि त्या हिशोबाने खजूर व ट्रॅकिकार्पस हे तालकुलाच्या एकाच उपकुलात मोडतात, तर माड निराळ्या उपकुलातला आहे. रूपाने जवळचा तो रक्ताने दूरचा, आणि रक्ताने जवळचा तो रूपाने वेगळा, असा हा पेच आहे. रूप आणि वंश या दोन्ही कसोट्यांवर खजुराची सख्खी भावंड ठरणारी शिंदी महाराष्ट्राच्या ओढ्यांकाठी रानटी वाढते. तरीही वसईचा श्रद्धाळू ती शोधत हिंडत नाही, परसातल्या माडाची झावळी तोडतो, आणि त्याच्या भक्तीत यामुळे काही उणे पडले असे त्याला किंवा त्याच्या धर्मगुरूला वाटत नाही. दुसऱ्या टोकाला इंग्लंडच्या टॉर्की शहराच्या किनाऱ्यावरील आणि स्कॉटलंडमधील प्लॉक्टन गावच्या खाडीकाठचे सुप्रसिद्ध ‘तालवृक्ष’ आहेत, जे वस्तुतः न्यूझीलंडचे कॉर्डिलाइन असून तालकुलातले नव्हेतच. शतावरी ज्या कुलात येते त्या कुलातले ते आहेत. मूळ विसरून प्रतिनिधीवरून प्रतिनिधी घेण्याचा दोष तेथे पुरता दिसतो, मात्र तेथे कोणताही धर्मविधी गुंतलेला नसल्याने त्याला पाप म्हणण्याचे कारण नाही.

सादृश्यावर इतका वेळ खर्च करणे ज्यांना निरर्थक वाटेल त्यांनी यहुदी परंपरेकडे पाहावे, कारण तेथे हाच प्रश्न अत्यंत निकडीचा होता. बायबलमधील लेवीय या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात मांडवांच्या सणासाठी चार वनस्पती सांगितल्या आहेत, आणि परंपरेने त्या महाळुंग, खजुराची न उमललेली झावळी, मेंदीसारख्या सुगंधी मर्टलच्या डहाळ्या आणि ओहोळाकाठचे वाळुंज अशा निश्चित केल्या. उत्तरेकडील ख्रिस्ती लोकांनी खजुराच्या जागी जे वाळुंज घेतले तेच येथे खजुराच्या शेजारी, स्वतःच्या हक्काने, उभे आहे, ही गोष्ट नोंदण्याजोगी आहे. यहुदी पंडितांच्या धर्मचर्चेचा संग्रह असलेल्या तल्मुदात प्रश्न येतो की, महाळुंग मिळाले नाही तर डाळिंब किंवा बिहीचे फळ आणावे काय, आणि उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. या नकारावरची चर्चा फार मार्मिक आहे. महाळुंगाचा विधी विस्मरणात जाऊ नये म्हणून का होईना, दुसरे फळ आणू द्यावे, असा विचार एखाद्याच्या मनात येईल. पण त्यातून अनर्थ होण्याचा संभव आहे, कारण लोकांना त्याची सवय जडेल. म्हणजे ज्या कारणासाठी मीमांसक प्रतिनिधीला परवानगी देतात, विधी लुप्त होऊ नये या कारणासाठी, नेमके तेच कारण तल्मुदाचे पंडित विचारात घेतात आणि सवयीच्या भयाने बाजूला सारतात. दोन्ही परंपरांना धोका एकच दिसतो, प्रतिनिधी मूळ म्हणून रूढ होण्याचा; एकीने त्यावर नियमांचे कुंपण घातले, दुसरीने दारच लावले.

दार लावल्यावर उत्तरेतील यहुद्यांपुढे दोनच वाटा राहिल्या, दुरून आणवणे आणि असलेले जपणे. तल्मुदातच असा उल्लेख येतो की, काही शहरांतील लोक आपल्या वाळलेल्या झावळ्या नातवंडांना वारशाने देत. त्यावर इतर पंडितांचे म्हणणे असे पडले की, संकटकाळातील वर्तन हे प्रमाण मानता येत नाही. सोळाव्या शतकात क्राकोव येथील यहुदी धर्मपंडित मोशे इसर्लेस यांनी थंड देशांतील ही अडचण ध्यानात घेऊन वाळलेली झावळी चालवून घेण्याचा प्रघात मान्य केला. वस्तू बदलली नाही, तिचा ताजेपणा तेवढा सोडला, हा या निर्णयाचा गाभा आहे. दुरून आणवण्याच्या वाटेवर इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावरील बोर्दिगेरा हे गाव होते, जेथे आल्प्सच्या पायथ्याशी, युरोपातील सर्वांत उत्तरेकडच्या खजूरबनांपैकी एक बन उभे आहे. तेथे खजूर नीट पिकत नाही, केवळ झावळीसाठीच झाडे राखली जात. १५८६ मध्ये रोममधील संत पेत्राच्या चौकात प्राचीन स्तंभ उभारला जात असताना लिगुरियाच्या एका खलाशाने दोरांवर पाणी ओतण्याची सूचना वेळेवर दिली, आणि त्याबद्दल पोप पाचव्या सिक्स्टसने झावळ्या पुरवण्याचा मान त्याला दिला, अशी आख्यायिका आहे. बागकरी झाडावर चढून शेंड्याची पाने एकत्र बांधून टाकत, जेणेकरून आत फुटणारी नवी झावळी उजेडाविना वाढून फिकट, जवळजवळ पांढरी राही, ती चर्चसाठी. हिरवी, सरळ, मिटलेली झावळी उत्तरेकडील यहुदी वस्त्यांसाठी. एकाच झाडाचा कोंब दोन धर्मांच्या निराळ्या नियमांसाठी दोन पद्धतींनी वाढवला जात होता, आणि त्यात कोणालाही वावगे वाटत नव्हते. अलीकडच्या दशकांत या बनांवर दक्षिण आशियातून व्यापारी झाडांबरोबर गेलेल्या लाल सोंड्या भुंग्याने घाला घातला आहे. कोकणातल्या माडांचा जुना वैरी तोच.

ख्रिस्ती विधीत असे कडक बंधन का नाही, याचे उत्तर शुभवर्तमानांतील त्या किरकोळ भासणाऱ्या भेदात आहे. लेवीयमध्ये विधी आहे, म्हणजे अमुक वस्तू घ्या अशी आज्ञा आहे. शुभवर्तमानात आज्ञा नाही, घडलेल्या प्रसंगाचे कथन आहे. कथनाचे स्मरण करायचे असेल तर कथनातील कोणता घटक मुख्य आहे हे आधी ठरवावे लागते. यरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर वसलेले आहे, तेथे थंडीच्या दिवसांत कधी कधी बर्फही पडते. खजुराची खरी भूमी खाली यरीहोच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीच्याही सुमारे २५० मीटर खाली. त्या दिवशी यरुशलेमेच्या वाटेवर खजुराच्या झावळ्या असतीलही, पण मत्तय आणि मार्क यांच्या वर्णनातून जे चित्र उमटते ते असे की, लोकांनी जवळ जे होते ते दिले. कोणी अंगावरचे वस्त्र, कोणी शेतातली डहाळी. चौथ्या शतकाच्या अखेरीस पवित्र भूमीची यात्रा केलेल्या एगेरिया या स्त्रीने ऑलिव्ह पर्वतावरून उतरणाऱ्या मिरवणुकीचे वर्णन लिहून ठेवले आहे, आणि तिच्या वर्णनातील मुलांच्या हातांत तालवृक्षाच्या किंवा ऑलिव्हच्या डहाळ्या आहेत. पहिल्या मिरवणुकांतच हा पर्याय होता. म्हणून झावळ्यांच्या रविवारी मुख्य द्रव्य खजूर नसून, जिथे माणूस उभा आहे तिथली, त्याच्या हाताला लागणारी डहाळी हे आहे, असे म्हणण्यास बळकट आधार मिळतो. या दृष्टीने पाहिल्यास वाळुंज हा खजुराचा प्रतिनिधी राहतच नाही. तो त्या मूळ कृतीचीच पुनरावृत्ती आहे. मीमांसकांनी सादृश्य अवयवांत शोधले, कारण त्यांच्यासमोर द्रव्याची आज्ञा होती. जेथे आज्ञा द्रव्याची नसून कृतीचे स्मरण आहे, तेथे सादृश्य कृतीत शोधले पाहिजे, आणि क्रियेला प्रतिनिधी नसतो हा त्यांचाच नियम येथे कामी येतो. दुरून, विमानाने मागवलेली झावळी पानाच्या आकारात योहानाशी जुळते, परंतु हाताशी असण्याच्या बाबतीत मात्र वाळुंजाहून कमी पडते.

मग उत्तरेत उघड्यावर वाढवलेल्या तालवृक्षाचे स्थान कोणते? तो लावणाऱ्याचा हेतू काय, यावर ते अवलंबून आहे. दक्षिणेकडच्या समुद्रकिनाऱ्याचा आभास अंगणात हवा म्हणून जो तो लावतो त्याचे कर्म काम्य आहे, आणि काम्य कर्माची कसोटी कठोर असते. तेथे आभास पुरा झाला नाही तर सारेच फसते, आणि मग एखाद्या कडक हिवाळ्यात झाड मेले की मालक दुसरे आणून लावतो. इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील सिली बेटांवरील ट्रेस्को येथील बागेत १९८७ च्या जानेवारीतील बर्फाने आणि गोठवणाऱ्या वाऱ्याने उष्ण देशांतून आणलेल्या कितीतरी वनस्पती मारून टाकल्या, आणि ती बाग पुन्हा उभी करावी लागली. तेथे निष्ठा होती, म्हणून ती उभी राहिली. केवळ प्रतीकासाठी, किंवा केवळ दिखाव्यासाठी, एकच कोंब घेऊन जन्मलेल्या जिवाला जिथे तो सडणार हे ठाऊक आहे तिथे लावणे हे वनस्पतीच्या दृष्टीने क्रूर आहे, मग कारण धार्मिक असो वा शोभेचे; हे ठामपणे म्हटले पाहिजे. उलट ज्या वृक्षाची जात त्या थंडीला योग्य आहे, जो ओल्या हिवाळ्यातून वर्षानुवर्षे निभावला आहे आणि उन्हाळ्याच्या तोंडी ज्याला पिवळ्या फुलांचे घोस येतात, त्याला परका म्हणण्यात काही अर्थ नाही. तालवृक्ष म्हणजे उष्ण वाळवंट ही समजूतच अपुरी आहे; उत्तराखंडात पिथौरागढजवळील थल केदारच्या डोंगरात ट्रॅकिकार्पस टाकिल ही जात हिवाळ्यातील बर्फ अंगावर घेत ओकच्या रानात वाढते, आणि ती तेथे कोणी आणून लावलेली नाही. चर्चच्या अंगणात तीस-चाळीस वर्षे उभ्या राहिलेल्या ट्रॅकिकार्पसचे पान त्या गावचा माणूस हाती घेतो तेव्हा, ते वंशाने खजुराच्या जवळचे आहे म्हणून नव्हे, तर ते तिथले आहे म्हणून, वाळुंजाच्या बरोबरीने ग्राह्य ठरते.

मात्र हे ‘तिथले असणे’ निर्दोषच असते असे नाही. लंडनच्या निवाऱ्याच्या रस्त्यांवर आता कॅनरी बेटांचा खजूर, म्हणजे खऱ्या खजुराचाच जवळचा नातलग, उघड्यावर जगू लागला आहे, आणि याला शहरातील साठून राहणाऱ्या उष्णतेबरोबर माणसानेच तापवलेले हवामान कारण आहे. मुख्य द्रव्य उत्तरेला सुलभ होत चालले आहे ते ज्या वर्तनामुळे, त्याचा पश्चात्ताप हा खरे तर ईस्टरपूर्व उपवासकाळाचाच विषय आहे. आणि स्वित्झर्लंडच्या दक्षिणेकडील तिचिनो प्रांतात ट्रॅकिकार्पस बागांतून पक्ष्यांकरवी रानात शिरला, चेस्टनटच्या जंगलाखाली त्याची रोपे दाट माजली, आणि १ सप्टेंबर २०२४ पासून त्या देशात त्याच्या विक्रीवर बंदी आली. तेथील लोक इटालियन भाषक आणि बहुतांशी कॅथलिक आहेत. खजुराच्या उपकुलातला, उघड्यावर वाढणारा, फुकट मिळणारा आणि उपटून टाकणेच जंगलाच्या हिताचे असलेला तालवृक्ष त्यांच्या दाराशी मुबलक आहे. मनुस्मृतीचे वचन शब्दशः लावले तर मुख्यकल्पाला इतके समर्थ असे लोक उत्तरेत दुसरे सापडणार नाहीत. तरीही झावळ्यांच्या रविवारी त्यांच्या मुलखातील चर्चमध्ये आशीर्वाद दिला जातो तो ऑलिव्हच्या डहाळ्यांना, एगेरियाने पाहिलेल्या मुलांच्या हातांत तालपत्रांच्या जोडीने होत्या तशाच डहाळ्यांना. आणि तसे करण्यात ते लोक कोणतीही सवलत घेत नाहीत.